दार लावून घेण्याचा सण

आमच्या घरात देव होता, पण तो कुणाला दाखवता येत नव्हता. कारंज्यातल्या आमच्या गल्लीला हे पचायला बरीच वर्षं लागली. शेजारणी प्रसाद घेऊन यायच्या आणि ताटली हातात धरून देव्हारा शोधत उभ्या राहायच्या. भिंतीवर तसबीर नाही, कोनाड्यात मूर्ती नाही, समईसुद्धा फक्त शुक्रवारी संध्याकाळी. एकीने शेवटी न राहवून विचारलंच, "मंग तुमी हळद-कुंकू कोनाले वायता?" बाबांनी सांगितलं, आमचा देव एक आहे आणि त्याला रूप नाही, त्यामुळे कुंकू लावायचं तर कुठे लावणार? तिने मान हलवली, पण जाताना दाराच्या चौकटीला कुंकवाचं बोट लावून गेली. बाबांनी ते पुसलं नाही.

चौकटीवर उजव्या हाताला एक बोटभर लांबीची डबी तिरपी ठोकलेली असे. आत चामड्याच्या तुकड्यावर हाताने लिहिलेलं होतं की देव एकच आहे, त्याला मनापासून जीव लावा आणि हे आपल्या लेकरांना शिकवा. आम्ही येता-जाता त्या डबीला बोट लावून ते ओठांना टेकवत असू. दूधवाला तिला बेल समजून दाबायचा आणि आत काही वाजलं नाही म्हणून वैतागायचा. खरी बेल बाबांनी कधी बसवलीच नाही. ते सरकारी दवाखान्यात ढोरांचे डॉक्टर होते. ज्याची गाय अडली आहे तो बेल शोधत बसत नाही, रस्त्यापासूनच ओरडत येतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळचे कोकणातले. तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमच्या लोकांचे घाणे बंद असायचे. बाबा नोकरीमुळे आधी मानोऱ्याला आले, तिथून कारंज्याला, आणि मग इथेच राहिले. आई मी लहान असतानाच गेली. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले आणि तिथून बाबांना बोलवत राहिले. बाबा म्हणायचे, मला तिथल्या गायींची भाषा येत नाही. त्यामुळे आख्ख्या गावात ज्यू म्हणावे असे आम्ही दोघंच. आम्हाला कुणी ख्रिश्चन समजे, कुणी मुसलमान. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांची तर शेवटपर्यंत खात्री होती की आम्ही जैनांतलीच कुठली तरी शाखा आहोत.

त्या आजोबांचं चुकलं असलं तरी त्याला कारण होतं. कारंज्यात जैनांची जुनी मंदिरं आहेत आणि पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी लोक एकमेकांच्या घरी जाऊन क्षमा मागतात. त्याच सुमाराला, थोडं मागेपुढे, आमचं वर्ष पालटतं आणि त्यानंतर उपासाचा मोठा दिवस येतो. त्या दिवशी माणसाच्या वर्षभराच्या वागण्याचा निवाडा होतो, अशी आमची श्रद्धा. पण त्याआधी माणसांची माफी माणसांकडे मागावी लागते. देवाचा अपराध केला असेल तर देव माफ करील. शेजाऱ्याचा केला असेल तर शेजाऱ्याने माफ केल्याशिवाय देवही त्यात हात घालत नाही. म्हणून बाबा त्या दिवसांत स्वच्छ शर्ट घालून घरोघर निघायचे. लोक हसून "उत्तम क्षमा, डॉक्टरसाहेब, उत्तम क्षमा" म्हणायचे आणि त्यांना लाडू द्यायचे.

बाबांना ते पुरायचं नाही. कळत-नकळत झालेलं सगळं एकदम माफ, हा त्यांच्या मते आळशीपणा होता. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, मगच मागायचं. त्यातून भलतंच व्हायचं. भाजीवालीला त्यांनी एकदा जाऊन सांगितलं की मागच्या महिन्यात मी तुझ्यामागे तुझ्या वांग्यांना किडकी म्हणालो होतो, मला माफ कर. तिला बिचारीला हे माहीतच नव्हतं. तिने माफ तर केलं नाहीच, वर दिवाळीपर्यंत आम्हाला खरोखरची किडकी वांगी दिली. मी डोक्याला हात लावला. मी शीघ्रकोपी, आईवर गेलेली. मला या सगळ्याची लाज वाटायची आणि बाबांचा अभिमानही वाटायचा, दोन्ही एकाच वेळी.

समोरच्या घरात एक एसटीचे कंडक्टर राहायचे. बौद्ध कुटुंब. मूल नव्हतं, नवरा-बायको दोघंच. ते आणि बाबा एकमेकांना कामाच्या नावानेच हाक मारायचे, कंडक्टर आणि डॉक्टर. मी त्यांना काका म्हणत असे. ड्युटी नसली की संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि वाद सुरू व्हायचा. काकांना देव मान्य नव्हता आणि बाबांचं देवाशिवाय पान हलत नव्हतं.

"कोनं पाह्यलं त्याले?" काका विचारायचे.

"पाहता आला असता तर मी मानला नसता," बाबा म्हणायचे.

एक गोष्ट मात्र काकांना आवडायची. बाबा सांगायचे की देवाने मातीतून आधी एकच माणूस घडवला, आपल्यासारखा घडवला, आणि बाकी सगळे त्याच्यापासून झाले. एकच का? तर पुढे कुणी कुणाला माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर असं म्हणू नये म्हणून. काका ते पुन्हा एकदा सांगायला लावायचे. मग म्हणायचे, "देव नाई पटत, डॉक्टर. पन हे पटते."

जगाबद्दल मात्र त्यांचं कधी जमलं नाही. बाबांचं म्हणणं, देवाने एकेक गोष्ट केली, ती पाहिली आणि चांगली आहे असं म्हटलं. जग खोटं नाही, माया नाही, त्यातून सुटून जायची घाई करायची नाही. ते अर्धवट राहिलेलं काम आहे आणि ते आपण करायचं आहे. काका म्हणायचे, सुरुवातच चुकली तुझी, दुःख आहे इथून सुरुवात कर. "आन मच्छर? तेबी चांगलेच म्हनले का तुह्या देवानं?" एवढ्यात समोरून काकूंचा आवाज यायचा, "पह्यले च्या प्या दोघंबी, मंग ठरवा दुःख हाय का सुख."

काकू अंगणवाडीत होत्या. बुटक्या, गोल, सतत घाईत, आणि हसल्या की डोळे पार मिटून जायचे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या सुमारास त्या न चुकता आमच्याकडे यायच्या. बाबा समई लावायचे, मनुका भिजवून कुसकरून गाळलेलं सरबत पेल्यात ओतायचे आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचे. आमच्याकडे द्राक्षाच्या दारूऐवजी हेच चालत आलं आहे. काकूंना ते सरबत फार आवडायचं. आईविना वाढणाऱ्या पोरीची वेणी घालायचं निमित्त करून त्या यायच्या, आणि प्रार्थना संपेपर्यंत माझ्या केसांत कंगवा तसाच धरून गप्प बसायच्या. मला पहिली पाळी आली तेव्हा मी त्यांच्याकडेच पळत गेले होते. आई आठवत नाही म्हटलं की लोकांना माझी कीव येते, पण मला फारसं काही कमी पडलं नव्हतं, आणि त्याचं कारण समोरच्या घरात होतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

उपासाच्या त्या मोठ्या दिवसाला आमच्याकडे जुनं नाव आहे, दारफळणीचा सण. म्हणजे दार लावून घेण्याचा सण. कोकणात आमचे पूर्वज त्या दिवशी पांढरे कपडे घालून घराची दारं लावून घेत. बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही, कुणाला शिवणं नाही, पाण्याचा थेंब नाही. दिवसभर माणूस आणि देव, मधे कुणी नाही. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दारं उघडायची आणि शेजारी-पाजारी जाऊन यायचं. पुढे कोकणात प्रार्थनेची सभास्थानं झाली आणि लोक तिथे जाऊ लागले. कारंज्यात सभास्थान कुठून असणार? म्हणून बाबा जुन्याच रीतीने दार लावून घ्यायचे. गल्लीला ते ठाऊक होतं. त्या दिवशी पोरंसुद्धा आमच्या दारासमोर क्रिकेट खेळत नसत.

मी तेव्हा अमरावतीला शिकत होते. परीक्षा होती म्हणून त्या वर्षी उपासाला घरी आले नव्हते. बाबा एकटेच होते. सकाळी समोरच्या घरात काकूंच्या छातीत दुखायला लागलं. गल्लीत चारचाकी एकच होती, बाबांची जुनी मारुती व्हॅन. काका धावत आमच्या दाराशी आले.

पुढचं गल्लीने मला सांगितलं ते असं. काकांनी दार बडवलं, हाका मारल्या, दार तोडायचं तेवढं बाकी ठेवलं. डॉक्टर आत प्रार्थना करत होते, त्यांनी उघडलं नाही. काका बसस्टँडपर्यंत पळत गेले, ऑटो घेऊन आले. काकू दवाखान्याच्या वाटेवरच गेल्या.

संध्याकाळी तारे दिसल्यावर बाबांनी दार उघडलं तेव्हा समोर अंगणात माणसं जमलेली होती. काकू गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं. ते त्या पांढऱ्या कपड्यांतच, उपाशी, रस्ता ओलांडून गेले आणि काकांसमोर जाऊन उभे राहिले. "कंडक्टर, मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "टकटक झाली. कुणीतरी ढोरासाठी आलं असेल, दुसरीकडे जाईल, असं मला वाटलं. मी उघडलं नाही."

काकांनी मान वर केली नाही. "मी दार बडवलं, डॉक्टर," एवढंच ते म्हणाले.

माझ्या धर्माबद्दल लोकांना दुसरं काही सांगता आलं नाही तरी एवढं मी नक्की सांगते. जीव जात असेल तर सगळं मोडायचं. मोडलं तर चालतं असं नाही, मोडायचंच. उपास सोडायचा, प्रार्थना अर्धी टाकायची, शनिवार असो की वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस असो, गाडी काढायची. एका माणसाचा जीव म्हणजे आख्खं जग, असं बाबांनी मला लहानपणापासून शिकवलं. ते शिकवणाऱ्या माणसाचं दार बंद राहिलं आणि काकू गेल्या.

मी आले तेव्हा बाबा बोलत नव्हते. मी रडले, त्यांच्यावर ओरडलेही. माझ्याही काकू होत्या त्या. पण त्यांना जे खात होतं ते वेगळंच होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. "मला एकदाच ऐकू आलं," ते म्हणाले. "एकच टकटक, तीही हळू. हाक तर नाहीच. तो एवढं दार बडवत होता, ओरडत होता, आणि मला ते ऐकू आलं नाही. मी देवासमोर उभा होतो गं. देवासमोर उभं राहून माणूस बहिरा होत असेल तर मी कुणासमोर उभा होतो?"

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे अकोल्याला नेलं. कान चांगले निघाले. म्हणजे मन बहिरं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हे त्यांच्या डोक्यातून कुणी काढू शकलं नाही. त्यानंतर ते प्रार्थना म्हणत, पण आधीसारखी नाही. मधेच थांबायचे, कान द्यायचे, पुन्हा सुरू करायचे. रस्त्यावर पातेलं पडलं तरी उठून बाहेर बघून यायचे. आणि दारफळणीच्या दिवशी त्यांनी दार लावणंच बंद केलं. सताड उघड्या दारात पांढऱ्या कपड्यांत बसून राहायचे. बकऱ्या आत यायच्या, कुत्री यायची, एकदा एका गायीने त्यांच्या प्रार्थनेच्या शालीचं टोक चघळलं. मी हसले. बाबा नाही हसले.

दर वर्षी उपासाच्या आदल्या दिवशी ते रस्ता ओलांडून काकांकडे जायचे. ओट्यावरच्या गप्पा कधीच संपल्या होत्या, एरवी दोघं एकमेकांकडे बघतही नसत. तेवढा एक दिवस काका दार उघडायचे, खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. बाबा उभ्यानेच सांगायचे, नाव घेऊन, जसंच्या तसं. तुझी बायको मरत होती. तू माझं दार बडवलंस. मला एकच टकटक ऐकू आली आणि मी तीही सोडून दिली. मला माफ कर. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाई." बाबा म्हणायचे, "बरं," आणि परत यायचे. पाणी तसंच राहायचं.

मी चिडायचे. आमच्यात असं सांगितलं आहे की मनापासून तीनदा मागूनही समोरचा देत नसेल, तर मागणारा सुटला. मी बाबांना म्हणायचे, झाली ना तीन वर्षं? सुटलात तुम्ही, आता बस करा. ते म्हणायचे, "सुटायला गेलो असतो तर ते खरं होतं."

एकदा मात्र काका नाही म्हणून थांबले नाहीत. तेव्हा मीही सोबत होते. काका म्हणाले, "तुहा देव माफ करते ना, डॉक्टर? त्यालेच माग. माह्याकडं काहून येतं?"

"ते त्याच्या हातात नाही," बाबा म्हणाले. "त्याने ते तुझ्या हातात दिलंय."

काकांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या हातात कुणी निखारा ठेवला. मला वाटलं, संताप आहे. मी मनात म्हटलं, किती दगड माणूस आहे हा.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. मी नोकरी सांभाळून कारंजा-अकोला करत राहिले, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून राहिले. बाबा वाळत गेले. मरणाची भीती त्यांना वाटत नव्हती. आमच्यात मरणानंतरचं फार बोलत नाहीत. जिवंत असताना काय करायचं तेच इतकं सांगितलेलं आहे की पुढच्याला वेळ उरत नाही. त्यांना एकाच गोष्टीची घाई होती. मरायच्या आत कंडक्टरने हो म्हणायला हवं होतं. झोपेतही ते त्याबद्दल बोलायचे. नर्सना वाटायचं त्यांना एसटीने कुठेतरी जायचं आहे.

शेवटच्या वर्षी त्यांना चालवत नव्हतं. तुमच्या वतीने मी जाऊन मागते, असं मी म्हणाले. ते एकदम रागावले. "माझ्या चुकीची माफी तू कशी मागशील? उद्या माझ्या वतीने कुणी माफी दिली तर ती तरी कशी चालेल?" मग गल्लीतल्या दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून समोर नेलं. काकांनी दार उघडलं. बाबांनी सगळं सांगितलं, मधे दम खात, पण एक शब्द गाळला नाही. काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. मी देवाला सांगितलं की आता एवढं दे, पुढे काही मागणार नाही. खुर्ची उचलणारी पोरंसुद्धा काकांच्या तोंडाकडे बघत होती.

"नाई," काका म्हणाले, आणि वळून आत गेले.

"बरं," बाबा त्या रिकाम्या दाराला म्हणाले.

सणानंतर महिनाही उलटला नव्हता, बाबा गेले. मी त्यांना मुंबईला नेऊन आईशेजारी मातीत ठेवलं आणि सात दिवस बसायला कारंज्याला परत आले, कारण त्यांचं घर हे होतं. आमच्यात सात दिवस जमिनीवर बसतात. आरसा झाकतात. अंगावरचा कपडा गळ्याशी फाडलेला असतो, तो तसाच ठेवतात. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नसतं. ज्याचं माणूस गेलं आहे तो बोलला तरच बोलायचं, नाहीतर नुसतं बसून जायचं. गल्लीला हे मी सांगितलं आणि माणसं खरंच येऊन गप्प बसून गेली. भाजीवाली आली, गूळ ठेवून गेली. मला खूप बरं वाटलं.

मधल्या एका दुपारी काका आले. दारात चपला काढल्या आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. फार म्हातारे दिसत होते. मी बोलणारच नव्हते. बसू दे, आणि जाऊ दे. पण माझा स्वभाव मला माहीत आहे.

"एक शब्द होता काका," मी म्हणाले. "एवढं काय जड होतं?"

त्यांनी झाकलेल्या आरशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी दार बडवलं नोतं, पोरी."

मला कळलंच नाही.

"एक डाव वाजवलं. असं," आणि त्यांनी बोटाच्या पेराने फरशीवर हळूच एकदा वाजवलं. "तुह्या बापाचा सन होता. त्या दिवशी सारी गल्ली हळू बोले. मले वाटलं, काहून त्याले त्रास द्याचा. तिले पित्त झालं असन असंच वाटलं मले. हाकबी नाई मारली. ऑटो पाहून घेतो म्हनलं आन गेलो."

"मग?"

"मंग ते गेली. लोकाईनं इचारलं, डॉक्टरची गाडी काहून नाई नेली? माह्या तोंडून निंगालं, बडवलं दार, त्यानं उघडलं नाई. मले वाटलं त्याले आयकूच नसन आलं. कोनाले समजनार हाय? आन सांजंले तुहा बाप येऊन माह्यापुढं उभा राह्यला, म्हने मी ऐकलं होतं." ते थांबले. "तवा बोलाचं होतं मले. नाई बोललो. मंग दर साली येऊन उभा राहे. त्याले माफ केलं असतं तं मंग दोषी राह्यलं कोन? मीच ना."

मी इतकी चिडलेली आयुष्यात कधी नव्हते. "त्यांना एकच टकटक ऐकू आली होती," मी म्हणाले. "ते दर वर्षी तुम्हाला तोंडावर सांगत होते. बाकीची ऐकू आली नाही म्हणून ते स्वतःला बहिरे समजत होते. देवासमोर उभं राहायची लायकी नाही असं समजत होते. दार उघडं टाकून बसायचे. तुम्हाला माहीत होतं हे?"

"समोरच तं राह्यतो," काका म्हणाले. "दिसे ना मले."

मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले. सात दिवस उठायचं नसतं. काका रडत होते. रडताना तोंड झाकत नव्हते. "तो नाई आता," ते म्हणाले. "तू त्याची पोरगी हायस. तू तरी म्हन, केलं माफ म्हनून."

मला म्हणायचं होतं. राग होता, तरीही म्हणायचं होतं. वाळलेल्या गळ्याचा, गालांवरून पाणी वाहणारा तो माणूस माझ्या काकूंचा नवरा होता. त्याने एका माणसाच्या उपासाचा मान राखला आणि त्यात त्याची बायको गेली. बाबांनी हे ऐकलं असतं तर काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माफ केलं असतं, आणि बहुतेक मनुकांचं सरबत केलं असतं. पण ते बाबांनी करायचं होतं. त्यांच्या वतीने मी दिलेली माफी खोटी ठरली असती, आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

"नाही म्हणता येत, काका," मी म्हणाले. "ते माझं नाही."

"मंग तुमचा देव?"

"त्याच्याही हातात नाही."

आयुष्यभर देव नाही म्हणून भांडलेला तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मी कुठूनतरी एखादा देव काढून देईन या आशेने. माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "पन त्याले आता मालूम असन का वं? मी दार बडवलंच नोतं हे?"

मी खोटं बोलले नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

ते भिंतीला धरून उठले आणि गेले. मी त्यांना थांबवलं नाही, जा असंही म्हणाले नाही. दार उघडंच होतं.

एका टकटकीला बाबांनी दार उघडलं नाही, ती त्यांची चूक होती आणि तेवढीच त्यांची होती. बाकी सगळी वर्षं त्यांनी जे ऐकू आलं नाही म्हणून सोसलं, ते कधी वाजलंच नव्हतं. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. मी झाकलेल्या आरशासमोर बसून हे दोन-तीनदा मोठ्याने म्हटलं, आणि ते ऐकायला बाबा नव्हते.